अनुभवाचा रकाना

माझ्या टेबलाखाली त्याचे गुडघे मावत नाहीत.
खुर्ची मागे सारून तो तिरपा बसतो:
एइमांतास, उंची दोनशे आठ सेंटिमीटर,
वय चौतीस, करार संपून अकरा आठवडे.
बाहेर काउनासचा चिखलट मार्च,
नेमुनासच्या पाण्यावर बर्फाचे तुकडे
एकमेकांना ढकलत निघालेत.

विजेचं बिल कसं भरतात, त्याने मागच्या खेपेला विचारलं.
लाजून नाही,
परक्या गावात रस्ता विचारावा तसं.
घर क्लबचं, गाडी क्लबची,
झोपायची वेळसुद्धा भिंतीवर छापलेली
सतराव्या वर्षापासून.

आज अर्ज.
'अनुभव' या रकान्यापाशी पेन अडतं.
"चेंडू," तो म्हणतो, "एवढंच लिहू?"

चेंडू हातात नसायचा तेव्हा काय करायचास?

"नसायचाच तो. मी वाट अडवायचो.
खांबासारखं उभं राहायचं.
धावत येणारा माझ्यावर आदळायचा
आणि आमचा बुटका दोमांतास मोकळा सुटायचा.
टाळ्या त्याला, बरगड्या मला."

हे कुठल्या शब्दांत बसवावं, मलाही पटकन सुचत नाही.
माझ्या वेळी तर समोर कुणी बसलंच नव्हतं.
दोन वर्षं मी त्याच स्टेडियमच्या खिडकीत तिकिटं विकली.
ओळखीचे लोक सुट्टे पैसे मोजताना
मान जरा जास्तच खाली घालायचे.

मग तो पिशवीतून बूट काढतो, बावन्न नंबरचा,
होडीएवढा.
"डाव्या टाचेखाली ही पाचर, मीच कापली.
पोरांनाही करून द्यायचो. चाल बघितली की कळतं."

मी अर्ज बाजूला सारते.
शान्चाय भागात लेओपोल्दास म्हणून एक म्हातारा आहे,
लहानमोठ्या पायांसाठी बूट बनवतो,
हात थरथरतात हल्ली, कुणीतरी हवंय त्याला.
पगार हसण्यासारखा.
तळघर आहे, दार ठेंगणं.
"वाकावं लागेल," मी म्हणते.

तो उत्तर देत नाही. माझ्या पायांकडे बघतोय.
"उजवा ओढता तुम्ही," म्हणतो. "जुनं दुखणं?"
आणि एवढा मोठा माणूस
ऑफिसच्या फरशीवर गुडघे टेकतो, कळ दाबत,
अर्ज उलटा पसरतो, कोरी बाजू वर.
"बूट काढा."

पेन्सिल टाचेला वळसा घालते.
गुदगुल्या होतात.
मी हलत नाही.