पिलबाग

सावद्यात, आमच्या केळीच्या वखारीच्या माळ्यावर
रविवारी चार ते आठ आमचं राज्य असतं.
खाली पिकायला लावलेला माल, वर आम्ही चौघं,
खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने काढलेला नकाशा
आणि राजधानीवर चहाच्या कपाचा गोल.

नियम मी लिहिते. सहा वर्षं झाली.
फासा जुबेर तडवीचा, तक्रारी चेतन फालकच्या,
आणि पल्लवी झोपे दर खेळात लवकर मरते
आणि म्हणते, चालू द्या, मी भूत होऊन बसते.

पहिल्या राज्यात मी आळस केला होता:
थोरला मुलगा, मग त्याचा थोरला.
तिसऱ्या रविवारी जुबेरने थोरल्याला विहिरीत ढकललं,
पाचव्या रविवारी धाकट्याला.
सहाव्या रविवारी आम्ही नुसत्या शेंगा खाल्ल्या.

मग एक राज्य, जिथे गादी जाते बहिणीच्या मुलाकडे.
चेतन म्हणाला, "मंग मामा भाच्याच्या घरी
पानी तरी पिईन का?"

एक राज्य, जिथे गादीवर बसायचं तर
आधीच्या राजाचं सगळं देणं नावावर घ्यावं लागतं.
अकरा महिने सिंहासन रिकामं होतं
आणि कारभार, सांगायला संकोच वाटतो, बरा चालला होता.

एक, जिथे राजा निवडतात त्याचे शत्रू.
त्यांनी मुक्याला निवडलं.
तो मुका नव्हता.

या खेपेला नियम बागेतून आणला.
केळ एकदाच निसवते. घड उतरला की बुंधा कापायचा.
तोवर पायाशी पिलं फुटलेली असतात, पाच, सात, कधी नऊ.
ठेवायचं एक.
रुंद पानाचं गुबगुबीत दिसतं, त्याला भुलायचं नाही;
अरुंद पानाचं, तलवारीच्या पात्यासारखं, ते राखायचं.
बाकीची विळ्याने जमिनीसपाट,
पंधरा दिवसांनी पुन्हा, कारण ती पुन्हा येतात.
तर राजाने जन्मात एकच घड द्यायचा:
एक पूल, एक तह, एक धरण. मग उतरायचं.
आणि पिलांतलं एक माळी राखेल.

"माळी कोन?" पल्लवीच्या भुताने विचारलं.
मी वही पुढे उलटली, मागे उलटली.
लिहिलेलं नव्हतं.

बुधवारी रावेरला जायचंय, कचेरीत.
उज्ज्वल पुण्याहून येतोय, कागद तयार करून,
पेनसुद्धा तोच आणणार आहे.
बाबा म्हणाले, "सही त करायची हाये फक्त, बाई."
साडेतीन एकर, ही वखार, आणि धरलाच तर हा माळा.

हे मी खेळात सांगणार नव्हते. सांगितलं.
हक्कसोड. कधी ऐकलाय हा नियम?
वारस जिवंत असते, समोर खुर्चीवर बसलेली असते,
तिला चहा देतात, मग जेवायला हॉटेलात नेतात,
आणि विहिरीचं नाव कुणी काढत नाही.
जुबेर बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला.
"एकोणीस राज्यं केली आपण," तो म्हणाला,
"आणि मी उगाच एवढे खून केले."

"आणि सही नाही केली त?" चेतन.
मी म्हटलं, टाक फासा.
त्याने जोरात टाकला. फळ्यांच्या फटीतून
तो खाली गेला, मालावर आपटल्याचा आवाज आला,
घट्ट कशावर तरी, मग मऊ कशावर.
चौघं पालथे पडून मोबाइलचे दिवे मारत राहिलो:
नुसतं हिरवं, आणि कडेकडेने पिवळं होत चाललेलं.

आठला भुसावळचा टेम्पो लागला.
कुठल्यातरी फणीत अडकून आकडा गेला असेल.
चेतन म्हणतो सहा होता. त्याला नेहमीच सहा दिसतो.

वहीत "माळी" पुढची जागा कोरी आहे अजून.
बुधवारचं मला काही माहीत नाही.
पेन मी माझं नेणार आहे.