वीस किलोची खूण

म्त्वारा बंदराच्या फाटकापाशी माझी खोली.
एक खिडकी ट्रकांसाठी, एक वाऱ्यासाठी,
आणि भिंतीवर तांबडा आकडा, सतत जागा.

ट्रक काट्यावर चढतो, ब्रेक फुसकारतो.
भरलेला : बत्तीस हजार चारशे चाळीस.
धक्क्यावर जाऊन येतो.
रिकामा : बारा हजार सहाशे.
मधली वजाबाकी जहाजाची.
माझ्याकडे उरते ती शिक्क्याची शाई,
जेवतानाही बोटांवर.

चिलुंबा ड्रायव्हर पाण्याची पिंपं भरून येतो,
आत गेल्यावर ओतून टाकतो.
मला ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक आहे.
"ताई, एवढा लांबचा रस्ता,
पाण्यालाही थोडा भाव मिळू दे."
मी त्याला मागं घ्यायला लावते.
तो हसत हसत पिंप उपडं करतो,
आणि फाटकाबाहेरच्या कोंबड्या धावत येतात.

एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत इथं फारसं काही नसतं.
सिमेंटची एखादी बोट कोमोरोसकडे,
कधी जिप्सम, कधी नुसती अफवा.
तीन नंबरच्या शेडमध्ये शेळ्या सावलीला बसतात.
हमाल ओहोटीला खडकांत ऑक्टोपस शोधत फिरतात,
आणि सोमोएच्या चुलीवर
राख इतकी गार की त्यात मांजर व्यालेलं.

मग ऑक्टोबर.
नेवालाच्या पठारावरून लाल धुळीत बुडालेले ट्रक,
गोण्यांत काजू, टरफलासकट.
सोलायचं काम समुद्रापलीकडे, परक्या हातांना.
खाडीचं तोंड अरुंद, पोट मात्र खोल :
पायलटची होडी पुढं,
मागून एवढं मोठं जहाज
सुईतून दोरा ओवावा तसं आत येतं,
आणि गावातला शिंपीसुद्धा
मशीन थांबवून भोंगा मोजतो.

दार-एस-सलामहून साहेब येतात,
विचारतात, यंदा उलाढाल किती?
मी रजिस्टर उघडते. पण खरी नोंद सोमोएकडे.
"दोनशे ताटं गेली तर जहाज मोठं.
ऐंशी गेली तर कागद कुठंतरी अडलाय.
उधारीवर दोनशे गेली,
तर हमालांचा पगार अडलाय."
साहेब हे लिहून घेत नाहीत.
मासा दोनदा मागून घेतात.

माझ्या आईनं आयुष्यभर घरीच काजू भाजले,
फोडले, पुड्या बांधून बस-स्टँडवर विकले.
टरफलाच्या तेलानं बोटांच्या रेषा खाऊन टाकल्या.
बँकेत अंगठा लावायला गेली,
यंत्र म्हणालं, पुन्हा लावा.
पुन्हा लावा.
पुन्हा.
तिच्या सगळ्या पुड्या एकत्र आणून
मी या काट्यावर ठेवल्या असत्या
तर किती भरल्या असत्या, कोण जाणे.

काट्याची सर्वात लहान खूण वीस किलोची.
दहाच्या खालचं त्याला दिसत नाही.
बिघाड नव्हे, असाच बनवलाय;
वीस-वीस टनांची सवय असलेल्याला
आणखी बारीक कशाला दिसायला हवं?

काल रात्रपाळी. शेवटचा ट्रक गेला,
धक्क्यावर दिवे, क्रेन अजून वळत होती.
घरी कुणी नव्हतं, म्हणून तुनू माझ्याबरोबर,
आठ महिन्यांची, पाठीवर कांगात बांधलेली.
मी तिला सोडलं, त्या एवढ्या लांबरुंद लोखंडावर
मधोमध बसवलं.
आकडा : शून्य.
तिनं लोखंडावर हात आपटले. शून्य.
दातांची वाट बघणारं तोंड उघडून ओरडली. शून्य.

मग तिला खाली ठेवून मी चढले. साठ.
तिला कडेवर घेऊन पुन्हा चढले. साठ.

दवाखान्यातल्या झोळीच्या काट्यावर
सात किलो भरली होती. मी अठ्ठावन्न.
मनात बेरीज केली, मग खोलीत जाऊन कागदावर केली,
हिशेब करण्याचा पगार घेते मी :
अजून पाच किलो, बये.
पेज खा, मासा खा, सोमोएच्या ताटातला भात खा.
अजून पाच किलो,
की हलेल हा आकडा.