मंद आचेवर

नाझनीन मुकादमने आणलं ते भांडं,
दुबईच्या मामीने टाकून दिलेलं.
बटणं तीन, त्यातलं एक मेलेलं.
पुस्तिकेत लिहिलंय: मटण एक किलो, सेलरी, आठ तास.
सेलरी म्हणजे काय, ते साळवी स्टॉपवर
एकाही भाजीवालीला ठाऊक नव्हतं.

आम्ही घातले काळे वाटाणे,
रात्रभर भिजलेले, पावशेर.
सेलरीच्या जागी शेवग्याचा पाला, कुंपणावरचा, फुकट.
मटणाच्या जागी मूठभर सुकट,
शेवटच्या तासाला, आधी नाही.
आधी घातली तेव्हा
सुर्वेकाकू जिना चढून आल्या होत्या.
कोकमं चार. मोजून.

सकाळी साडेसातला बटण दाबायचं
आणि मत्स्य महाविद्यालयात जाऊन
कापायचे, मोजायचे, वहीत काढायचे
आपल्याला न परवडणारे मासे.

दुपारी वर्गातले पंखे थांबले
तशी नाझनीन प्रॅक्टिकल सोडून पळाली.
भांडं गोधडीत गुंडाळलं,
वर माझा रेनकोट,
त्यावर लायब्ररीचं जाडजूड पुस्तक, उशिराच्या दंडासकट.

संध्याकाळी वाटाणा चिमटीत धरला.
फुटला.

महिना अजून सहा दिवसांचा,
डब्यात वाटाणे अर्धे.
"पाणी वाढव," ती म्हणाली,
"उद्या हीच आमटी म्हणायची."