साठ अंशांवर

शिरोलीचे ट्रक विरळ होतात तेव्हा,
म्हणजे रात्री दीडनंतर, आम्ही पंखा लावतो.
त्याआधी हायवेची थरथर
फरशीतून चढते, स्टँडमधून तारेत शिरते,
आणि आलेखावर जी लाट उमटते
ती बेळगावला निघालेल्या साखरेची असते.

तार केसाहून बारीक. या महिन्यात तीन तुटल्या.
चौथी दस्तगीरमामांनी जोडली,
श्वास रोखून, चष्म्यावर चष्मा घालून.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस.
प्लेटही त्यांनीच घासली. अंगठ्याचं नख
कडेवरून फिरवून म्हणाले,
"हितं हवेला ठेच लागंल,"
आणि परत घासायला बसले.
मायक्रोमीटर नंतर आला. नख बरोबर होतं.

थंड प्लेटवरून हवा शहाण्यासारखी जाते.
धातूला टेकलेला थर जागीच उभा,
त्यावरचा जरासा सरकणारा, त्यावरचा आणखी जरा,
सगळी जाडी मिळून
माझ्या करंगळीच्या नखाएवढी.
धुराची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत
फूटपट्टीनं ओढल्यासारखी.
अशा वेळी आम्ही दोघंही
चहा घोटत नाही.

मग हीटर. चाळीस. पन्नास.
साठ अंशांवर रेघेला काहीतरी आठवतं.
किंचित वर. किंचित खाली.
पुन्हा तेच, जरा मोठ्यानं.
मग ती स्वतःच्याच अंगावर येते
आणि विस्कटते.
डोळ्यांना दिसायच्या आधी
तारेला कळलेलं असतं,
आठ सेंटिमीटर अलीकडेच.

"ऊब दिली तर बिघडतं व्हय?"
हवेचं तसंच, मी म्हणते. पाण्याचं उलट.
भिंत बेतानं तापवली
तर वाहतं पाणी जास्त वेळ सरळ राहतं.
मामा बराच वेळ गप्प.
"मग बोगदा पंचगंगेतच बशिवायचा व्हता की, मॅडम.
प्लायवूडचं पैसं वाचलं असतं."

दोन चाळीसला पंख्याचा सूर अर्धा पायरी उतरला.
दिवा पिवळा पडला.
एमआयडीसीत कुणाची तरी भट्टी लागली असणार,
लोखंड वितळायला बसलं असणार;
आणि इथे आमची रेघ
चार सेंटिमीटर पुढे जाऊन मोडली.
रीडिंग बाद, म्हणून मी पेन उचललं.

"बाद कशाला? लिवा."
कारणाच्या रकान्यात काय लिहू, मामा?
त्यांनी वरचा चष्मा काढला, पुसला.

"लिवा, शेजार."