पूल आहे असं समजा

शिगेयो, हसू नकोस, आधी ऐक.
त्यातला नायक इस्त्रीवाला आहे.
तलवार-बिलवार काही नाही, तापलेली इस्त्री घेऊन
अठरा गुंडांच्या अंगावर धावतो
आणि ऐन हाणामारीत थांबून
पडद्यातून थेट मला विचारतो,
"जेवलास का? जा, हे थांबतील."
आणि ते खरंच थांबतात गं!
एकाचा पाय हवेत, तसाच.
मी नूडल्स उकळून आणले तोवर
थरथरत होता बिचारा.

तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी खलनायिका
मरता मरता कुरकुरते,
माझे संवाद कुणी धड लिहिलेच नाहीत.
चार वेळा मारलं तिला. चारही वेळा वाईट वाटलं.
पाचव्यांदा मारणार नाही असं नाही.

पण सांगायचं होतं ते दरीचं.
तिथं पाटी येते :
"इथं पूल काढायचा होता. पैसे संपले.
पूल आहे असं समजा."
इस्त्रीवाला माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.
दोन रात्री आम्ही तिथंच उभे.
तिसऱ्या रात्री बटण दाबलं –
पायाखाली काही नाही,
टाचांचा आवाज मात्र लाकडावरचा!

आज पहाटे बर्फाच्या कारखान्यातून सुटलो
तर कुशिरोवर हे असं धुकं.
नदी नाही, कठडा नाही,
कुठल्याशा बोटीचा भोंगा तेवढा.
गमबुटात उभा राहिलो काठाशी
आणि शपथेवर सांगतो,
मान वर करून बघितलं,
मला कोण खेळतंय ते.
कुणी नव्हतं.
मग स्वतःलाच विचारलं, जेवलास का?

नव्हतो.
तुझं दुकान पलीकडे.
आलो.
अंडी दोन घाल.