तोंडवळकरमधला ळ

अर्जाच्या अकराव्या पानावर प्रश्न होता:
कोणत्याही संस्थेने आपल्यावर कधी
शिस्तभंगाची कारवाई केली आहे का?
मी ‘हो’वर टिचकी मारली.
विचारलंय तर सांगावं, आई म्हणाली.
फराहने ‘नाही’ लिहिलं.
ती मे महिन्यापासून रास अल खैमात
लोकांचे रक्तदाब मोजते आहे.

मी अजमानात, नुऐमियात, चौथ्या मजल्यावर
एसीखालची बादली भरली की ओतते.
प्रशिक्षण परवाना: प्रलंबित.
सात महिने हा शब्द रोज उघडून बघते,
भात शिजला का बघावा तसा.

नववीत रसायनशास्त्रात ऐंशीपैकी एकवीस.
बाबा तेव्हा समुद्रात, तेलाच्या फलाटावर क्रेन चालवत,
अठ्ठावीस दिवस तिकडे, चौदा घरी,
आणि प्रगतिपुस्तकावर सही उद्याच हवी.
मी केली. मराठीत, ते करतात तशी,
स. गो. तोंडवळकर, खाली दोन टिंबं.
मिसेस फिलोमिनांनी चष्मा कपाळावर नेला.
त्या कोट्टायमच्या, त्यांच्याही भाषेत ळ आहे.
म्हणाल्या, हे अक्षर घाबरलेलं आहे.

तीन दिवस निलंबन.
ते तीन दिवस मी वहीच्या मागच्या पानांवर
कुठे चुकलं ते शोधत बसले.
बाबा ळची पहिली गाठ सैल सोडतात,
दुसरी आवळतात.
दोरखंड बांधणाऱ्याचा हात.
तिसऱ्या संध्याकाळी मला जमलं.
दाखवणार कुणाला?

शाळा आता नाही, तिथे टायरचं गोदाम आहे.
रजिस्टर मात्र सापडलं.
नको असलेले कागद कसे नीट जपलेले असतात.
रोल्याजवळच्या टायपिंग सेंटरात
कुन्हुमोनने त्याचं अरबी केलं:
तझवीर.
मी म्हटलं, भाई, याहून हलका शब्द नाही?
तो म्हणाला, यावर शिक्का बसायचाय,
हलका कसा चालेल?
चहा मागवला त्याने. चहाचे पैसे घेतले नाहीत.

मग समितीने मागितलं पालकाचं हमीपत्र.
बाबांनी सही केली.
काउंटरवरच्या मुलीने पासपोर्टशी ताडून पाहिली,
जुळत नाही, सॉरी.
पुन्हा केली. पुन्हा सॉरी.

घरी टेबलावर ते चार कागद ओळीने मांडले.
स ठसठशीत. गो त्याहून लहान.
मग आडनाव, मुंग्यांच्या रांगेसारखं
बारीक बारीक होत जाणारं,
ळच्या दोन गाठी म्हणजे दोन ठिपके
आणि शेवटचा र जवळजवळ नाहीच.
मी वर पाहिलं.
बाबांचा अंगठा तर्जनीवर फिरत होता,
तांदळातला खडा चाचपावा तसा,
बोटांत काहीच नसताना.
चालताना त्यांचा उजवा हात झुलत नाही
हे वर्षभर दिसत होतं मला.
क्रेनची सवय, म्हणायचे मी.
पुस्तकात हे सगळं अर्ध्या पानात आहे.
तोंडी परीक्षेत हेच विचारलं होतं,
आणि मी धडाधड सांगितलं होतं.

हात दुखतो का, बाबा?
नाही गं, पेन भिकार आहे.

मग त्यांनी पाचवा, कोरा कागद
माझ्याकडे सरकवला.
तुला येते ना माझी, म्हणाले.
वहीची मागची पानं मी तेव्हाच पाहिली होती.
पहिली गाठ जरा घट्ट घेतेस.
बाकी बरोबर.

आई स्वयंपाकघरात थांबली,
भांड्यांचा आवाज बंद झाला.
मी पेनचं टोपण काढलं,
लावलं,
परत काढलं.
आधी डॉक्टरकडे जाऊ, म्हटलं.
कुणाकडे? तू आहेस की घरात.

बादली काठोकाठ आली होती.
ती उचलायला उठले
तर माझाच हात हलला,
पाणी कागदापर्यंत आलं.