पीटीचा तास

पीटीच्या तासाला पीटी झाली नाही.
इंगवले मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'मन',
आणि खडू मोडला.
मागच्या बाकावर हसले सगळे. मीपण.

चिठ्ठी लिहायची होती, नाव न घालता.
मी लिहिलं: बरं आहे.
खोडलं.

गंगावेशीच्या तालमीत दादा शिकलेला,
पाठ टेकली की कुस्ती संपली.
गुडघा गेल्यापासून तो कुशीवरच निजतो,
भिंतीकडे तोंड करून.
आई म्हणते, आळस भरलाय अंगात.
पप्पा अजून थंडाईचे बदाम
मोजून भिजत घालतात रोज.

खोडलेलीच चिठ्ठी डब्यात टाकली.

संध्याकाळी त्याच्या उशाशी बसलो.
"दादा, लई दुखतंय काय?"
"गुडघा कवाच बरा झालाय रं,"
तो भिंतीलाच म्हणाला.

मी उठलो नाही.